विदर्भाच्या आमदारांची पूर्ण नोंद नागपूरच्या विधानभवनात उघडा : विधानसभा अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष महोदय,
महाराष्ट्र विधानसभा,
विधानभवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : विदर्भातील आजी-माजी आमदारांच्या निवडणूक कारकिर्दीची संपूर्ण नोंद नागपूर विधानभवनात मराठीतून खुली करण्याबाबत.

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी विधानमंडळ नागपुरात येते तेव्हा विदर्भातले लोक आपापली निवेदने घेऊन येतात. मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चे अडवले जातात, शिष्टमंडळे आत जातात, आश्वासने मिळतात आणि अधिवेशन संपते. माझे हे पत्रही निवेदनच आहे. मात्र त्यात रस्ता, अनुदान किंवा पदभरती मागितलेली नाही. गेली सत्तर वर्षे आम्ही ज्यांना निवडून दिले आणि ज्यांना पाडले, त्या माणसांची पूर्ण आणि खरी नोंद आमच्या शहरात, आमच्या भाषेत, कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे. राज्यशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे ती किती आवश्यक आहे याची मला खात्री आहे.

आमदाराची ओळख आज एका आकड्यात करून दिली जाते. फलकावर, सत्कारपत्रात, श्रद्धांजलीच्या बातमीत 'इतक्या वेळा निवडून आलेले' एवढे लिहिले की कारकीर्द सांगून झाली असे आपण मानतो. तो माणूस कोणत्या सभागृहात निवडून गेला, त्याच्या मतदारसंघाच्या सीमा तेव्हा कुठे होत्या, तो किती मतांनी जिंकला, कधी हरला, हरल्यावर परत उभा राहिला की नाही आणि निवडून गेल्यावर सभागृहात काय बोलला, हे त्या आकड्यात कुठेच नसते. शिवाय तो आकडाही पुष्कळदा सदोष असतो.

नागपूरचेच उदाहरण घेतो. कॉम्रेड अर्धेंदु भूषण बर्धन यांचा जन्म आजच्या बांगलादेशातला, पण ते शालेय वयात नागपुरात आले आणि नागपूरचे झाले. विद्यार्थी चळवळीतून ते पुढे आले, गिरणी कामगारांत आणि वीज कामगारांत त्यांनी काम उभे केले, आणि १९५७ साली नागपूरच्या मतदारांनी त्यांना विधानसभेत पाठवले. पुढे १९६७ आणि १९८० साली त्यांनी नागपुरातून लोकसभा लढवली आणि दोन्ही वेळा ते हरले. १९९६ ते २०१२ या काळात ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. २ जानेवारी २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी '१९५७ मध्ये महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले' असे लिहिले.

१९५७ साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वातच नव्हते. बर्धन निवडून गेले ते द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत. ३९६ सदस्यांचे ते सभागृह होते. त्यात गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छचे आमदार होते, मराठवाड्याचे होते आणि नुकतेच मध्य प्रदेशातून तोडून जोडलेले विदर्भाचेही होते. १ मे १९६० रोजी राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा त्या सभागृहातले मराठी भागाचे सदस्य नवी निवडणूक न होताच महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. म्हणजे १९५७ साली दिलेल्या एका मताने नागपूरकराला एकामागून एक दोन राज्यांच्या विधानसभांत प्रतिनिधित्व मिळाले. चुकीच्या एका ओळीमुळे हा सगळा इतिहास पुसला जातो.

त्या नोंदीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बर्धन १९५७ ची निवडणूक अपक्ष म्हणून लढले. निकालाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे तेवढेच दिसते. वास्तविक १९४० पासून ते कम्युनिस्ट होते आणि हे नागपुरात सर्वांना ठाऊक होते. आजचा एखादा विद्यार्थी तो तक्ता वाचून असा निष्कर्ष काढील की, १९५७ मध्ये नागपूरने पक्षविरहित माणूस निवडला. त्या वर्षी येथील कामगार वस्त्यांनी खरोखर कोणता कौल दिला, हे त्याला कधीच कळणार नाही. तक्त्यातली नोंद खोटी नसते, पण अपुरी असते, आणि ती पुरी करण्याचे काम आजवर कुणी अंगावर घेतलेले नाही.

आमच्या भागाच्या बाबतीत ही अडचण फार मोठी आहे. नागपुरातल्या एखाद्या मतदाराने १९५२ मध्ये मत दिले ते मध्य प्रदेश विधानसभेसाठी. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूरच होती आणि २३२ सदस्यांची ती विधानसभा याच शहरात भरत होती. त्याच मतदाराने १९५७ मध्ये मुंबई राज्यासाठी आणि १९६२ मध्ये २६४ जागांच्या महाराष्ट्र विधानसभेसाठी मत दिले. घर तेच, गल्ली तीच, आणि दहा वर्षांत तीन राज्ये. त्यामागे जायचे तर अनसूयाबाई काळे यांच्यासारख्या व्यक्तीची कारकीर्द समोर येते. १९३७ च्या मध्य प्रांत आणि वऱ्हाड विधानसभेत त्या उपाध्यक्ष होत्या, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ व १९५७ साली नागपूरच्या खासदार झाल्या. त्यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत लोकनायक बापूजी अणे निवडून आले. या सर्वांची कागदपत्रे तीन वेगळ्या राज्यांच्या दप्तरांत विखुरलेली आहेत. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या अभ्यासकाला इतकी पायपीट करावी लागत नाही.

जांबुवंतराव धोटे यांच्या बाबतीत नोंद हरवलेली नाही, तिच्या जागी आख्यायिका येऊन बसली आहे. यवतमाळहून ते १९६२ साली विधानसभेत गेले. सभागृहातील वर्तनावरून १९६४ साली सभागृहाने त्यांचे सदस्यत्वच रद्द केले. त्या वेळी बाळासाहेब भारदे अध्यक्ष होते. अध्यक्षांकडे पेपरवेट भिरकावल्याचा तो प्रसंग नागपुरात आणि यवतमाळात आजही सांगितला जातो आणि दर वेळी त्याचा तपशील बदलतो. पुढे १९६७ मध्ये यवतमाळच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. विदर्भात कृषी विद्यापीठ व्हावे म्हणून पेटलेल्या आंदोलनाचे ते नेते होते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात ते विद्यापीठ स्थापन झाले. १९७१ साली फॉरवर्ड ब्लॉकच्या उमेदवारीवर नागपूरने त्यांना लोकसभेत पाठवले. १९८० साली ते पुन्हा नागपुरातूनच लोकसभेत गेले, पण या वेळी इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून.

अध्यक्ष महोदय, १९८० च्या त्या लढतीचा विचार करून पाहावा. एकाच मतदारसंघात, एकाच मतपत्रिकेवर बर्धन आणि धोटे ही दोन नावे होती. एक जण १९५७ चा कामगारांचा आमदार आणि दुसरा स्वतंत्र विदर्भाचा झेंडा घेतलेला, एकदा सभागृहातून बाहेर काढला गेलेला आमदार. नऊ वर्षांपूर्वी काँग्रेसच्या विरोधात ज्यांना निवडून दिले, त्यांनाच काँग्रेसच्या चिन्हावर नागपूरने पुन्हा का निवडले, आणि विदर्भाच्या मागणीचे त्या पक्षांतरात काय झाले, हे प्रश्न आमच्या राजकारणाच्या गाभ्याचे आहेत. त्यांची उत्तरे देण्याचे काम सचिवालयाचे नाही हे मी जाणतो. परंतु प्रश्न नीट विचारता यावा यासाठी कागद समोर असावे लागतात. धोटे यांची हकालपट्टी ज्या दिवशी झाली, त्या दिवशीच्या कामकाजाचा वृत्तांत त्यांच्या नोंदीशेजारीच वाचायला मिळाला पाहिजे. सदस्य काय म्हणाले, ठराव कुणी मांडला, त्यावर कोण कोण बोलले, हे वाचल्यावर वाचक आपले मत बनवील. माझे स्वतःचे मत असे की, निवडून आलेल्या सदस्याला सभागृहाने काढून टाकणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्या मतदारांचा प्रतिनिधी काढला गेला त्यांच्या नातवंडांना तरी त्या दिवशीचा कागद सहज मिळावा.

पराभवाबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे पराभवाची नोंद कुणी ठेवत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख विदर्भाचे नव्हते, तरी हिवाळी अधिवेशनामुळे नागपूरने त्यांना अनेक वर्षे पाहिले आहे. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर, एकाच मतदारसंघातून, अकरा वेळा निवडून आलेला आमदार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि ते रास्तच आहे. १९६२ ते २०१९ या कालखंडात ते १९७२ आणि १९९५ असे दोनदा हरले, हे मात्र फार थोड्यांना आठवते. १९७२ मध्ये विजयी झालेल्या आमदारांचे निधन झाल्याने १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि देशमुख परत आले. १९९५ चा पराभव अवघ्या १९२ मतांचा होता. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे सलग चार विजय त्यांनी मिळवले. ज्याला फक्त अकरा विजयांचा आकडा ठाऊक आहे त्याला वाटेल की सांगोल्यात हा माणूस आपोआप निवडून येत होता. १९२ हा आकडा ज्याने वाचला, त्याला कळते की प्रत्येक वेळी तेथे खरी लढत झाली, मतदारांनी एकदा नकार दिला आणि वयाची सत्तरी ओलांडलेला उमेदवार परत त्यांच्या दारात गेला. मतदाराच्या शहाणपणाचा आणि उमेदवाराच्या चिकाटीचा याहून चांगला पुरावा मी वर्गात कधी देऊ शकलो नसतो.

मतदारसंघांच्या सीमा हा तर आणखी गुंतागुंतीचा विषय आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. त्याच पुनर्रचनेत नागपूर शहरातले मतदारसंघ पाचाचे सहा झाले आणि दक्षिण-पश्चिम नागपूर नव्याने तयार झाला. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नगरसेवक आणि १९९७ मध्ये महापौर झाले. १९९९ व २००४ साली ते पश्चिम नागपुरातून, तर २००९ पासून सतत दक्षिण-पश्चिम नागपुरातून निवडून येत आहेत. त्यांचे पहिले दोन विजय ज्या पश्चिम नागपुरातले, ते आजचे पश्चिम नागपूर नव्हे. आकड्यांची तुलना करणाऱ्याला हे सांगणारा नकाशा जवळ नसेल, तर तो समर्थक असो की टीकाकार, चुकीचाच हिशेब करील. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ज्या सावली मतदारसंघातून शोभाताई फडणवीस निवडून येत, तो मतदारसंघ तर त्या रचनेत उरलाच नाही. त्या भागातली गावे कुठे गेली, कोणत्या मतदारसंघांत विभागली गेली, हे राजपत्रात असेल. पण सावली तालुक्यातल्या तरुणाने ते कुठे वाचावे?

विधान परिषदेचे येथे थोडक्यात सांगतो. नितीन गडकरी यांची विधानमंडळातील सारी कारकीर्द नागपूर पदवीधर मतदारसंघातली आहे. ते विधानसभेचे सदस्य कधीच नव्हते. पदवीधर मतदारसंघाची मतदार यादी वेगळी, पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत वेगळी, आणि त्यामुळे तेथील मताधिक्याचा अर्थही वेगळा. नोंद करायची झाली तर परिषदेचीही करावी, पण दोन्हींची सरमिसळ करू नये.

आता निवडून गेल्यानंतरच्या कामाविषयी. २३ नोव्हेंबर १९९४ या दिवशी, येथे अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मरण पावली. त्यांचे स्मारक विधानभवनापासून जवळच आहे आणि दर वर्षी त्या दिवशी लोक तेथे येतात. त्या माणसांच्या मृत्यूनंतर सभागृहात कोणत्या आमदाराने काय प्रश्न विचारला, कोण गप्प राहिले, सरकारने काय उत्तर दिले, हे त्या वेळच्या प्रत्येक वैदर्भीय आमदाराच्या नोंदीत असायला हवे. चार महिन्यांच्या आत, १९९५ च्या सुरुवातीला, राज्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि सत्ता बदलली. या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याचा हक्क विदर्भातल्या मतदाराला आहे. गोवारी समाजाच्या आजच्या पिढीला तर तो सर्वांहून आधी आहे.

आज हे सर्व साहित्य नाही असे नाही. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल १९५१-५२ पासूनचे आहेत, पण ते इंग्रजीत आहेत आणि त्यांत नुसते आकडे आहेत. सभागृहाचे वृत्तांत विधानमंडळाकडे आहेत. मतदारसंघांच्या सीमा राजपत्रांत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवारांना शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हेगारी प्रकरणांची प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात आणि तीही उपलब्ध होतात. पण ही चार प्रकारची कागदपत्रे चार ठिकाणी आहेत. एकाच माणसाच्या नावाखाली ती कुणी जोडलेली नाहीत, आणि जोडल्याशिवाय त्यांतून कारकीर्द दिसत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. नागपूर विधानभवनात २०२१ पासून विधानमंडळ सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष आहे. अधिवेशनाचे थोडे दिवस सोडले तर या वास्तूत वर्षभर सामान्य नागरिकाला जाण्यासारखे काही घडत नाही. त्या कक्षाच्या अखत्यारीत एक खुले नोंदवाचनालय सुरू करावे. तेथे विदर्भातल्या प्रत्येक आजी-माजी आमदाराच्या नावे एक नोंद असावी, आणि तीत त्याने लढवलेल्या सर्व निवडणुका, म्हणजे हरलेल्या सुद्धा, त्या त्या वेळच्या मतदारसंघाच्या नकाशासह द्याव्यात. पक्ष बदलला असेल तर तारीख द्यावी. पक्षांतरबंदी कायद्याखाली अर्ज झाला असेल तर अर्जाची आणि निर्णयाची तारीख द्यावी, त्यावर विशेषण एकही नको. त्याने विचारलेले तारांकित प्रश्न, मांडलेल्या लक्षवेधी सूचना आणि अशासकीय विधेयके वृत्तांताच्या पानासह द्यावीत. हे सर्व मराठीत असावे, आणि जे कक्षात येऊन वाचता येईल ते घरबसल्या संगणकावर आणि मोबाइलवरही वाचता यावे. १९५६ पूर्वीच्या कागदांसाठी भोपाळशी आणि १९५६ ते १९६० च्या कागदांसाठी मुंबईतील मुख्य सचिवालयाशी पत्रव्यवहार करावा लागेल. तो आपल्या कार्यालयाने केला तर लवकर होईल. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने केला तर त्याची उमेदीची वर्षे त्यातच जातील.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आमदारांचे मूल्यमापन करणे सचिवालयाच्या निष्पक्षतेला बाधक ठरेल. मी मूल्यमापन मागत नाही. श्रेणी, गुण, क्रमवारी यांपैकी काहीही त्या नोंदीत नसावे, असेच माझे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा असेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३ पासून या शहरात आहे. येथे आणि अमरावती विद्यापीठात राज्यशास्त्राचे आणि इतिहासाचे विद्यार्थी दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. सचिवालयाने कागद खुले केले आणि एका जाणत्या अधिकाऱ्याकडे तपासणीची जबाबदारी दिली, तर प्राथमिक नोंदी हे विद्यार्थी तयार करतील. त्यांना त्यातून जे शिकायला मिळेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून किमान एक अधिवेशन येथे घेण्याचा शब्द दिला. १९६० पासून ती परंपरा चालू आहे, २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे तीत खंड पडला आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. अधिवेशनाचा काळ कमी होत चालल्याची तक्रार विदर्भात सर्वच पक्षांचे कार्यकर्ते करतात आणि ती खरी आहे. पण अधिवेशन तीन आठवड्यांचे करा, या मागणीला सरकारची तयारी लागते. नोंदवाचनालयाला ती लागत नाही. ते आपल्या अधिकारकक्षेत आहे, आणि विधान परिषदेच्या सभापतींशी विचारविनिमय करून त्याचा आदेश आपण काढू शकता.

आरंभ संपूर्ण विदर्भापासून करणे अवघड वाटत असेल, तर पहिल्या वर्षी नागपूर जिल्ह्यातील काटोलपासून रामटेकपर्यंतचे बारा मतदारसंघ घ्यावेत आणि १९५२ पासूनच्या सर्व विजयी व पराभूत उमेदवारांच्या नोंदी पुऱ्या कराव्यात. त्यासाठी समिती नेमल्याची घोषणा येत्या हिवाळी अधिवेशनात, येथील सभागृहातच व्हावी, आणि समितीत निवृत्त ग्रंथपाल, वृत्तांत-लेखनाचा अनुभव असलेले अधिकारी आणि विद्यापीठातील अध्यापक असावेत, अशी विनंती करतो. वृत्तांतांचे वाचन, नावांची पडताळणी आणि मुद्रितशोधन या कामांसाठी माझ्यासारखे अनेक निवृत्त शिक्षक विनामूल्य वेळ द्यायला तयार होतील. मी स्वतः तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
दक्षिण-पश्चिम नागपूर मतदारसंघातील एक मतदार
आणि राज्यशास्त्राचा निवृत्त शिक्षक